घर तिच्या नावावर होतं

पुण्यात बायका जिन्यावरून फार पडतात. मी ज्या खोलीत आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं बसले, तिथली रजिस्टरं चाळलीत तर तुमचीही हीच खात्री होईल. जिना, ओली फरशी आणि कपाटाचं उघडं दार या तिघांनी मिळून शहरातल्या बायकांचा नुसता छळ मांडलेला आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यासुद्धा जिन्यावरून पडतात. एक बाई पत्र्याच्या खोलीत राहायच्या, त्याही म्हणाल्या, "जिन्यावरून पडले." मी विचारलं, "कुणाच्या?" त्या विचारात पडल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. आमचं काम तिथून सुरू व्हायचं.

मी समुपदेशक होते. हा शब्द माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमची रेहाना पोलीस चौकीत भांडणं मिटवते." खरं तर येरवड्याकडच्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात आमच्या संस्थेला एक खोली दिलेली होती. एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि दारापाशी हवालदार सुनंदाताई. घरात मार खाणारी बाई आली की तिचं ऐकायचं, लिहून घ्यायचं, दवाखान्यात पाठवायचं, आणि तिला कोर्टात जायचं असेल तर कायद्यातला अहवालाचा नमुना भरून द्यायचा. धोका नसेल तर नवऱ्याला बोलावून समोरासमोर बसवायचं. मिटवणं हे आपलं काम नाही, हे मलाच कळायला पहिली दहा वर्षं गेली. सासूबाईंना काय बोलणार?

माझं माहेर शनिवार पेठेतलं. वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे मी बोलायला शिकले ती गिऱ्हाइकांकडून. पुढे नोकरीत लोक कौतुकानं म्हणायचे, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" मी म्हणायचे, "तुमचंही ठीक आहे." माणसाचं नाव ऐकून त्याचं सगळं आयुष्य आधीच माहीत असल्यासारखं बोलणाऱ्यांचा मला मनस्वी राग यायचा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते त्याहून वेगळं नव्हतं.

इबानरी आमच्याकडे आली ती चुकून. नाव बदललेलं आहे, आणि आडनाव सांगतच नाही. ती मेघालयातली, खासी. शिलाँगपासून दोन-अडीच तासांवर तिचं गाव. इथे एका खाजगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स होती. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव दुरुस्त करायचं होतं, त्यासाठी कुणीतरी तिला पोलीस ठाण्यात पाठवलं, आणि ठाण्यातल्या कुणीतरी 'बाई आहे, म्हणजे शेख मॅडमकडे' असा हिशेब करून आमच्या खोलीत.

वयानं तिशीची, बुटकी, ताठ बसणारी. हिंदी मोडकंतोडकं, इंग्रजी चांगलं. मराठी मात्र थेट रुग्णालयातलं. "लांब श्वास घ्या", "कुशीवर वळा", "दुखतंय? कुठं दुखतंय?" आणि "नातेवाईकांनी बाहेर थांबा" एवढी चारच वाक्यं, पण उच्चार असा ठणठणीत की ऐकणारा निमूट कुशीवर वळावा. पुढची आमची बोलणी हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत झाली. तुमच्यासाठी मराठीत देते.

ती मला 'काँग' म्हणायची. त्यांच्यात मोठ्या बहिणीला किंवा कुठल्याही मानाच्या बाईला तसं म्हणतात. सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, आधी 'किंग' लावलं की झालं."

तर आडनाव. तिनं शाळेच्या अर्जात मुलीच्या नावापुढे स्वतःचं, म्हणजे आईचं आडनाव लिहिलं होतं. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं. शाळेतल्या कारकुनांना वाटलं, बाई बाहेरगावची, बिचारी चुकली. त्यांनी आपुलकीनं ते खोडून वडिलांचं आडनाव घातलं. पुणेकर माणूस दुसऱ्याची चूक दुरुस्त करायची संधी सहसा सोडत नाही.

"एवढंच ना? अर्ज करा, प्रतिज्ञापत्र जोडा, होईल," मी म्हणाले. तेवढ्यात तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधलेली.

"हे काय झालं?"

"पडले."

"जिन्यावरून?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम तेच, गप्प बसणं. बाई तोंडाशी आलेलं बोलते की गिळते, हे त्या अर्ध्या मिनिटात ठरतं. पण मला त्या दिवसांत भाषणांची सवय लागलेली होती. कॉलेजांमध्ये मला बोलवायचे आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे की आपल्याच देशात ईशान्येकडे अशा जमाती आहेत जिथे वंश आईकडून चालतो, घर सगळ्यात धाकट्या मुलीला मिळतं, आणि लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. "जिथं घर बाईच्या नावावर, तिथं बाईच्या अंगावर हात पडत नाही," हे माझं टाळीचं वाक्य. मेघालय मी नकाशातच पाहिलेलं होतं, पण टाळी काही नकाशा विचारून वाजत नाही.

म्हणून मी तिला म्हणाले, "तुमच्याकडे बरंय बाई. तुमच्याकडे बायकांचं राज्य! इकडे या खोलीत येणाऱ्या बायका बघाल तर…"

ती सुंदर हसली. "हो काँग," म्हणाली. कागद गोळा केले, मला नमस्कार केला आणि गेली. मी सुनंदाताईंना म्हटलं, "बघा, कशी आत्मविश्वासानं चालते."

सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, तिनं बोटांचं सांगितलं नाही."

दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा उजव्या कानात कापूस होता.

आता मी गप्प बसले. खूप वेळ बसले. सुनंदाताईंनी चहा आणून ठेवला, तो निवला, त्याच्यावर साय धरली. शेवटी तीच म्हणाली, "पडदा फाटलाय. आमच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बघितला. मी सांगितलं, कान कोरताना झालं. त्यांनी लिहिलं, कान कोरताना झालं." मग म्हणाली, "काँग, आयसीयूत पेशंट बोलत नाही. मशीन बोलतं. उजव्या बाजूचं मशीन आता मला ऐकू येत नाही. काल मी मेट्रनना सांगितलं, मला ड्रेसिंगच्या खोलीत टाका. एखाद्याचा जीव जायचा माझ्यामुळे."

त्या दिवशी मला तिचं सगळं कळलं. सांगते.

ती घरातली धाकटी. म्हणून घर तिचं. ऐकायला मजेशीर वाटतं, पण घर तिचं म्हणजे म्हातारे आईबाप तिचे, लग्न न झालेला भाऊ तिचा, आजारी मावशी तिची, कुणाचं बिनसलं तर परत येण्याची जागा तिची. "किल्ली माझ्याकडे, काँग," ती म्हणाली, "पण त्या घराबाबत काय ठरवायचं ते मामा ठरवतो." म्हणजे आईचा भाऊ. बायकोच्या घरी तो पाहुणा आणि बहिणीच्या घरी कर्ता.

नवरा बांतेई लग्नानंतर तिच्या घरी राहायला आला. दिसायला देखणा, गिटार वाजवणारा. पहिल्या वर्षी त्यानं ताट फेकलं, दुसऱ्या वर्षी हात उचलला. दारू प्यायला की रडायचा. या घरात मला कोण विचारतं, म्हणायचा, आणि रडून झालं की मारायचा. तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, घर तुझं आहे, तो कुठं जाईल? मामाला सांगितलं. मामा म्हणाले, घराच्या मालकिणीनं रडत बाहेर जायचं नसतं, लोक घराला हसतात.

"आमच्यात सोडचिठ्ठी अवघड नाही," ती म्हणाली. "पण धाकटीनं नवरा घालवला तर घर मोडलं म्हणतात. मोठ्या बहिणीचं असतं तर तिचं लग्न मोडलं म्हणाले असते."

मग पुण्याची नोकरी मिळाली. तिला वाटलं, इथं मामा नाही, चौदा माणसांचं घर नाही, बांतेईचा राग जाईल. सहा महिने गेलाही. त्यानं एका मॉलमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. घर भाड्यानं घेताना घरमालकांनी विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" आणि उत्तराची वाट न पाहता करारावर बांतेईचं नाव टाकलं. त्यानंतर शाळेनं मुलीला त्याचं आडनाव दिलं. शेजारचे त्याला बघून उठून उभे राहू लागले, तिला 'वहिनी' म्हणू लागले.

"तिकडे घर त्याचं नाही म्हणून मारायचा," इबानरी म्हणाली. "इकडे घर त्याचं आहे म्हणून मारतो. मला वाटायचं, घराचा काहीतरी संबंध आहे."

मी मान खाली घातली. तिच्या हातात आपल्या शहरानं दोन कागद दिले होते, करार आणि दाखला, दोन्ही त्याच्या नावाचे. तिसरी मी. मी तिला कागद नाही, पण टाळीचं वाक्य दिलं होतं. "पहिल्यांदा आलात तेव्हा का नाही सांगितलंत?" असं मी विचारू शकत नव्हते, कारण उत्तर मला ठाऊक होतं. तरी तिनं ते दिलंच.

"तुम्ही इतक्या खूश होतात, काँग. तुमचा आनंद घालवायला नको वाटलं."

पुढे कितीतरी वर्षं माझी नोकरी होती, पण इतक्या सौजन्यानं मला कुणी थोबाडीत मारली नाही.

"तुमच्यात सगळीकडे असं?" मी विचारलं.

"छे!" ती जवळजवळ रागावली. "माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा तिच्या आधी उठून भात शिजवतो. तुमच्यात सगळीकडे असं?"

"नाही."

"मग झालं तर."

अहवालाचा नमुना भरायला घेतला तेव्हा आमची पंचाईत झाली. ते कागद करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सासर होतं. सासरच्या मंडळींची नावं? सासरचा पत्ता? "सासू कधी भेटली?" "लग्नात." "सासरी छळ?" "सासर नाही." "घरातून हाकलून दिलं का?" "कुणाला, त्याला?" सुनंदाताई तोंडावर रुमाल धरून बसल्या. शेवटी मी जिथे रकाना बसत नव्हता तिथे रेघ मारून मागच्या कोऱ्या बाजूला सरळ सगळी हकिकत लिहून काढली. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला अहवाल. कागदाची मागची बाजू कोरी ठेवणाऱ्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

आम्ही लिहीत असताना बांतेई दारात आला. ती इथं येते हे त्याला कसं कळलं, ठाऊक नाही. मोठ्या आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि आत पाऊल टाकलं. इबानरी उठली. चेहरा पांढराफटक, पण आवाज वॉर्डातला. अस्सल मराठीत म्हणाली, "नातेवाईकांनी बाहेर थांबा!"

त्याला मराठीचा गंध नव्हता. पण तो थांबला. सुनंदाताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ठाण्याच्या बाकावर नेऊन बसवलं. त्या रात्रीपासून ती मुलीला घेऊन रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायला गेली. मैत्रिणींनी दोन खाटा जोडून दिल्या.

मग मामा आले.

इबानरीच्या आईकडून कळताच ते निघाले. तीन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून, इस्त्रीचा कोट घालून, सत्तरीचे निवृत्त शाळामास्तर आमच्या खोलीत येऊन उभे राहिले. त्यांना कोर्टाच्या आधी सगळ्यांशी एकदा बोलायचं होतं. असा मारहाणीचा मामला असला की आम्ही दोघांना समोर बसवत नाही. पण इबानरीच म्हणाली, "बसू द्या. मला मामाला सांगायचंय, त्याच्यासमोर." मी अट घातली. बांतेई दारापाशी सुनंदाताईंच्या शेजारी बसेल, आणि ती म्हणेल त्या क्षणी बैठक संपेल.

मामांनी बसल्या बसल्या कोटाच्या खिशातून पुडी काढली. ओली सुपारी, विड्याचं पान, चुना. त्यांच्यात पाहुणा असो, भांडण असो, आधी सुपारी. नको म्हणणं अपमान. मी म्हटलं, आम्ही पुण्याचे, पान-सुपारी आम्हाला काय नवीन! तोंडात टाकली आणि दोन मिनिटांत माझे कान तापले, कपाळावर घाम, छाती धडधडू लागली. समोर इतका गंभीर प्रसंग आणि समुपदेशक पदरानं वारा घेतेय. सुनंदाताईंनीही मोठ्या हौसेनं घेतली होती. त्या भिंतीला टेकून छताकडे बघत होत्या. मामा शांतपणे म्हणाले, "पहिल्यांदा असंच होतं." ते हिंदी छान बोलायचे, शाळेत शिकवायचेच.

मग ते मुद्द्यावर आले. भाची धाकटी आहे, तिनं घरी परतावं. बांतेई माफी मागेल. एक संधी द्यावी. घराला पुरुष लागतो.

"घरचे कर्ते पुरुष तुम्ही ना?" मी घाम पुसत विचारलं.

"मी त्या घरी रविवारी जातो," मामा म्हणाले.

"आणि सोमवार ते शनिवार?"

त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

बांतेईला मी बोलू दिलं. त्याला बोलावंसं वाटत होतंच. तो म्हणाला, "त्या घरात चौदा माणसं जेवायची. मला विचारून एक दिवस एक भाजी शिजली नाही. माझी मुलगी, तिचं नावसुद्धा माझं नाही. तुम्हाला नाही कळायचं ते."

खोटं नव्हतं त्याचं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला क्षणभर वाईटही वाटलं. मी म्हणाले, "बाबा रे, मला कळायचं नाही? आमच्या पुण्यात लाखभर सुना अशाच जेवतात. परक्या घरी जातात, नाव बदलतात, तीस-तीस वर्षं त्यांना विचारून भाजी शिजत नाही. त्यातल्या किती जणींनी नवऱ्याच्या कानाचा पडदा फोडला?"

सुनंदाताई छताकडे बघतच म्हणाल्या, "विचार येतो मॅडम. पण फोडत नाहीत."

तेव्हा इबानरी बोलायला लागली. ती माझ्याशी नाही, मामांशी बोलली, त्यांच्या भाषेत, न थांबता. मला एक अक्षर कळत नव्हतं. मामांची सुपारी चघळायची थांबली एवढंच दिसलं. मी म्हणाले, "मास्तर, मला लिहून घ्यायला लागेल. ती काय म्हणाली?"

आता पुढचं मी जसं ऐकलं तसंच सांगते. मामा सावकाश, एकेक वाक्य भाषांतर करू लागले.

"ती म्हणते, ती सहा वर्षांची होती. तिच्या बापानं तिच्या आईला चुलीपाशी मारलं." थांबले. "ती म्हणते, ती मामाला बोलवायला धावली. मामा त्या दिवशी घरीच होता, अंगणात." पुन्हा थांबले. इबानरी त्यांच्याकडे बघत होती. "ती म्हणते, मामा म्हणाला, थोडं थांब, आपोआप थांबेल. आणि मामानं… सुपारी कातरली. ती म्हणते, तिला कातरायचा आवाज आठवतो. आतला आवाज थांबेपर्यंत मामा कातरत बसला." त्यांनी चष्मा काढला. "ती म्हणते, तिनं पुण्यातून मामाला फोन केला, तेव्हाही तो थोडं थांब म्हणाला. ती म्हणते, आता तिचा एक कान थांबलाय. आता ती थांबणार नाही."

मी लेखणी खाली ठेवली.

मामा मला म्हणाले, "लिहा मॅडम. भाषांतर बरोबर आहे."

त्यांनी भाषांतरात एक शब्द सौम्य केला असता तरी मला कळलं नसतं. ते मास्तर होते, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःला पूर्ण नापास केलं. मी अनेक पुरुष पाहिले या खोलीत. 'हो, चुकलं' म्हणणारे पुष्कळ, कारण तसं म्हटलं की लवकर सुटका होते. स्वतःवरचा आरोप दुसऱ्याला नीट समजावून सांगणारा हा एकच.

इबानरीनं त्याच बैठकीत सांगितलं की गावचं घर तिला नको. नियमाप्रमाणे तिच्या वरच्या बहिणीनं घ्यावं. भात शिजवणारा नवरा तिच्याकडे आहेच. हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा कापला. ते घर तिच्या आजीचं, पणजीचं. तिच्या मुलीला मिळालं असतं. मी म्हणाले, "घाई करू नका." ती म्हणाली, "काँग, घर माझं आहे म्हणून मी कुठेच जाऊ शकत नाही. असं कसलं घर?" मामांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला आणि बांतेईकडे वळून त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलले. ते मात्र त्यांनी मला भाषांतर करून दिलं नाही. बांतेई उठून बाहेर गेला.

कोर्टाला वेळ लागला, लागतोच. तारखांना ती रात्रपाळी करून यायची आणि बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढायची. मामा निकालापर्यंत दोनदा आले, दोन्ही वेळा तो तीन दिवसांचा प्रवास करून. साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा अंगणातली गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, कुणी विचारलेली नसताना. शेवटी हुकूम झाला. त्यानं तिच्या घरात, मुलीच्या शाळेत पाऊल टाकायचं नाही. घरमालकांनी करार तिच्या नावे केला आणि वर मला म्हणाले, "आधी सांगायचं ना, की कुटुंबप्रमुख त्याच आहेत." शाळेतल्या कारकुनांनी दाखला दुरुस्त केला. ते मनापासून ओशाळले होते. "मॅडम, मला वाटलं चुकून लिहिलंय," म्हणाले. मी म्हणाले, "मलाही बरंच काही वाटलं होतं." कान मात्र पुरता बरा झाला नाही. ती आजही ड्रेसिंगच्या खोलीतच आहे. आयसीयूचं काम तिला आवडायचं. ते मी पहिल्या भेटीतच गप्प बसले असते तर तिच्याकडे राहिलं असतं का, याचं उत्तर मी स्वतःला देत नाही. घरी आमचे साहेब म्हणतात, "तू काय देव आहेस?" देव नाही, पण मला गप्प बसायचा पगार मिळत होता.

मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली. इबानरी अधूनमधून फोन करते. गेल्या वर्षी तिला कळलं की बांतेईनं गावाकडे पुन्हा घर केलं. एका विधवेच्या घरी राहायला गेला. तीही घराची धाकटी. इबानरीनं मला विचारलं, "मी तिला सांगू का?"

आमच्या धंद्याचा नियम असा की विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये. मी नियम सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि सुट्टीत गावी गेल्यावर सरळ त्या बाईच्या दारात उभी राहिली. बाईनं तिला सुपारी दिली, बसवलं, आणि म्हणाली, "तो बदललाय. आणि घर माझं आहे, मला काय भीती?" इबानरीनं आपला नंबर लिहून दिला. बाईनं तो कागद घेतला नाही, म्हणून अंगणातल्या दगडाखाली ठेवून आली. मला म्हणाली, "पावसानं गेला असेल तो कागद. तिकडे पाऊस फार."

गेल्या मंगळवारी तिचा फोन आला. मी दुपारची भाजी निवडत होते.

"काँग, त्या बाईचा फोन आला होता."

"काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती रडत होती. मी लाईन धरून ठेवली. मग म्हणाली, घर माझं आहे, मी कुठं जाऊ? मी म्हटलं, तू कुठं जाऊ नकोस. मी येते."

"कधी?"

"शुक्रवारचं विमान आहे. मामापण येतोय, म्हातारा आता काठी घेऊन चालतो, पण तिच्या अंगणात बसतो म्हणाला. आतून आवाज आला तर उठेन म्हणाला."

इतक्या वर्षांची सवय म्हणून मी व्यवहाराचं विचारलं, "अगं, रजा मिळाली का?"

"मागितली नाही, काँग," ती म्हणाली. "कळवली."